आठवड्यातून एकदा गाडी सुरू करणे

रविवार, ४ फेब्रुवारी
सासऱ्यांनी आज गाडीची किल्ली माझ्या हातात दिली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशन होईपर्यंत स्टिअरिंगला हात लावायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. सासरे म्हणाले, मेजर, आठवड्यातून एकदा सुरू करा, थोडा वेळ चालू ठेवा आणि बंद करा. बॅटरी उतरू नये, बस. शेडबाहेर काढायचं काही कारण नाही.
मी शब्द दिला. फौजी माणसाचा शब्द.
गाडी : स्पोर्ट्स, दोन सीटची, हिरवी, बिनछपराची, वयाने माझ्याहून मोठी. सासरे गुरांचे डॉक्टर. एका गोठ्यामागे सापडली तेव्हा हिच्यात कोंबड्या अंडी घालत होत्या. वर्षानुवर्षं खपून त्यांनी ती उभी केली आणि मग हिच्यातूनच गाईंची बाळंतपणं करत फिरले. शेजारच्या सीटला अजून वासराचा वास येतो, असं बायको म्हणते. मला फक्त पेट्रोलचा येतो.

रविवार, ११ फेब्रुवारी
ठरल्याप्रमाणे सुरू केली. मग विचार केला, इंजिन फिरतंय आणि चाकं उभी, हे यंत्राला बरं नव्हे. रसद विभागात उगाच जन्म काढलेला नाही. कोपऱ्यापर्यंत नेली. मग पुढच्या कोपऱ्यापर्यंत. मग गावाबाहेरच्या बंद पडलेल्या धावपट्टीपर्यंत. तिथे जुन्या स्पोर्ट्स गाड्यांचा एक क्लब हौशी लोकांच्या शर्यती घेतो. सहज चौकशी केली. सहज नाव दिलं.
संध्याकाळी सासऱ्यांनी विचारलं, सुरू केलीत का. म्हटलं, केली. आवाज कसा आहे. म्हटलं, खणखणीत.
एकही शब्द खोटा नाही. तरी जेवण गेलं नाही.

गुरुवार, १५ फेब्रुवारी
प्लॅन पक्का. एकच शर्यत. जिंकायची, कप थेट सासऱ्यांच्या हातात द्यायचा आणि सगळं सांगून टाकायचं. हरलेल्याने सांगितलं तर ती कबुली. जिंकलेल्याने सांगितलं तर ती बातमी.
शत्रुपक्ष : एक दंतवैद्य बाई, एक रिटायर्ड बँक मॅनेजर, बाकी व्यापारी. सगळे सिव्हिलियन. शिस्तीपुढे टिकणार नाहीत.
बायकोला सांगितलं, पुढच्या रविवारी ड्यूटी आहे. ड्यूटी म्हणजे कर्तव्य. कर्तव्यं अनेक प्रकारची असतात.

रविवार, २५ फेब्रुवारी
बारा गाड्यांत नववा. वारा समोरून होता. (सगळ्यांनाच होता, पण मला जास्त.)
पहिली आली दंतवैद्य बाई. शर्यतीआधी ती बॉनेटला टेकून कॉफी पीत पेपर वाचत होती. याला काय गांभीर्य म्हणायचं? बँक मॅनेजर माझ्या गाडीभोवती फेरी मारून म्हणाला, कुणीतरी फार जीव लावलाय हिला. म्हटलं, घरचीच आहे.
घरी येतो तर सासरे वाटच पाहत होते. सुरू केलीत? हो. गरम झाली नीट? म्हटलं, चांगलीच. समाधानाने हसले. म्हणाले, पोटचा मुलगा असता तर त्यानेही एवढं केलं नसतं.
उद्या सांगणार. नक्की.

सोमवार, २६ फेब्रुवारी
सासरे सकाळी दोनदा शिंकले. अशा अवस्थेत वयस्कर माणसाला धक्का देणं म्हणजे क्रूरपणा.
शिवाय कप अजून मिळालेला नाही. क्लबला फोन करून पुढच्या शर्यतीला नाव दिलं.

रविवार, १० मार्च
मी ठीक आहे, हे आधी लिहितो.
तिसऱ्या वळणावर ब्रेक माझ्या हिशेबाप्रमाणे बरोबर जागी लावला. गाडीचा हिशेब वेगळा होता. सरळ कडेला रचलेल्या जुन्या टायरांच्या भिंतीत. शर्यतीचा मार्शल धावत आला, साहेब काय झालं म्हणाला. नियोजित माघार, म्हटलं. डावं मडगार्ड मुठीसारखं आवळलेलं.
गाडी ढकलायला दंतवैद्य बाई आली. मडगार्ड निरखून म्हणाली, दात असता तर काढा म्हटलं असतं, हे वाचेल. सगळे हसले. मीही हसलो. मग गाडीत एकटाच बसलो. शेजारच्या सीटला खरंच वासराचा वास येतो.

बुधवार, १३ मार्च
डेंटरने मडगार्ड ठोकून सरळ केलं. रंगाची मात्र पंचाईत. तसा हिरवा आता मिळत नाही म्हणे, जवळचा लावला. जवळचा म्हणजे सावलीत तोच, उन्हात वेगळा. उपाय सोपा. गाडी सावलीत ठेवायची.
सासऱ्यांना दिसत नाही हे एक बरं आहे.
वरचं वाक्य खोडणार होतो. राहू दे. कुणी वाचत नाही.
रात्री बायकोने विचारलं, शेडमध्ये उभ्या उभ्या गाडी कशावर आदळली? मी रिव्हर्सबद्दल काहीतरी सुरुवात केली. तिने नुसतं पाहिलं. मग सगळं सांगावं लागलं. म्हणाली, बाबांना तूच सांगायचंस. मी बोलणार नाही, पण विचारलं तर खोटंही बोलणार नाही. मग कूस बदलून झोपली. अशा झोपेपेक्षा कोर्ट मार्शल परवडलं.

शुक्रवार, १५ मार्च
सोमवारचं ऑपरेशन पंधरा दिवस पुढे गेलं. शुगर वाढलीय. घरात सगळे हिरमुसले.
मला आनंद झाला. मग आनंदाची लाज वाटली. लाज वाटूनही आनंद गेला नाही.
एका म्हाताऱ्या माणसाला आणखी पंधरा दिवस अंधुक दिसणार, म्हणून मी खूश! माझ्यासारखा हलकट माणूस
पुढे लिहीत नाही. ही रोजनिशी आहे, चार्जशीट नव्हे.

रविवार, १७ मार्च
सासरे म्हणाले, मला तिच्याजवळ न्या जरा. हात धरून शेडमध्ये नेलं. बॉनेटवरून हात फिरवला, दारावरून फिरवला, मग डाव्या मडगार्डवर आले. हात थांबला. पुन्हा फिरवला, गाभण गाईच्या पोटावरून फिरवावा तसा, सावकाश, दाबत.
गार वाटतंय, आत जाऊ, म्हणाले.
त्यांना काही कळलेलं नाही. बोटांनाही मोतीबिंदू होत असावा.

शनिवार, २३ मार्च
आता फक्त विजय वाचवू शकतो. उद्या शेवटची शर्यत. मडगार्ड, रंग, शब्द मोडणं, सगळं एका कपात बुडवता येईल. बायकोला सांगितलं. म्हणाली, पुन्हा? एवढंच म्हणाली.

रविवार, २४ मार्च
निकाल आज लिहीत नाही. डोकं दुखतंय.

मंगळवार, २ एप्रिल
काल ऑपरेशन झालं, आज उजव्या डोळ्यावरची पट्टी निघाली. सासऱ्यांनी आधी लेकीकडे पाहिलं. किती वाळलीस गं, म्हणाले. मग माझ्याकडे. म्हणाले, मेजर, तुम्ही मात्र सुटलात. मग भिंतीवरचं कॅलेंडर इथूनच वाचून दाखवलं, शाळेतल्या पोरासारखं. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि तोंड धुतलं. बराच वेळ.
उद्या सांगणार. उद्या म्हणजे उद्या.

शुक्रवार, ५ एप्रिल
सांगितलं.
सकाळी शेडचं दार सासऱ्यांनी स्वतःच उघडलं. ऊन थेट गाडीवर. सगळी गाडी गडद हिरवी आणि डावं मडगार्ड पोपटी. माझी पाठ आपोआप ताठ झाली, टाचा जुळल्या. कधी काढली, कुठे नेली, कशी आदळली, रंग कसा लावला, सगळं सांगितलं. ऑपरेशन पुढे गेल्यावर आनंद झाला होता, तेही सांगितलं. बायको दारात उभी होती. तिने मान खाली घातली.
सासरे काळा चष्मा पुसत ऐकत होते. म्हणाले, मडगार्डचं मला हात लावला तेव्हाच कळलं. तुम्ही कधी बोलता याची वाट पाहत होतो. मी मनात म्हटलं, झालं. आता रागावतील, किल्ली मागतील. मागितली तर बरंच होईल, असंही वाटलं.
किल्ली मागितली नाही. खाली बसून चाकाकडे पाहिलं. मग तिथूनच, माझ्याकडे न बघता, विचारलं : शेवटच्या शर्यतीत कितवे आलात?
म्हटलं, शेवटून दुसरा.
सासरे गुडघ्यावर हात टेकून उठले, बायको दारातून गेलीय ना ते पाहिलं आणि हलक्या आवाजात म्हणाले, बाकी सगळं ठीक आहे मेजर, पण हे बाहेर कुठे बोलू नका. लोकांना वाटेल, गाडीत दोष आहे.
शेवटून दुसरा, हे खोटं नाही. माझ्यामागे एक गाडी होतीच. ती सुरूच झाली नव्हती, एवढंच.