शाकारणीची शिडी

बाबा, तुमच्याशी गोड बोलायला मी हा कागद घेऊन बसलेली नाही. मेलेल्या माणसाला नावं ठेवू नयेत म्हणतात; तसं म्हणणाऱ्यांना तुम्ही बाप म्हणून मिळाला नव्हतात.

मालवणच्या बाजारामागची आपली पाच खोल्यांची ओळ. गोवा नुकता मोकळा झालेला, आणि देवगडच्या एका व्यापाऱ्याला आंब्याच्या पेट्यांसाठी तुमची ती ओळ गोदाम म्हणून हवी होती. कायद्याने भाडेकरू हलेनात, म्हणून तुम्ही शाकारणी गाठलीत. वैशाखात छपराचे नळे उतरवायचे आणि फुटके बदलून पावसाआधी परत चढवायचे, ही आपली रीत. त्या वर्षी तुम्ही ते उतरवलेत, आपल्या अंगणात रचलेत आणि गड्यांना घरी धाडलंत. "सवडीन चढवया," म्हणालात. डोक्यावर नुसते वासे बघून मास्तर गेले, खानावळवाला गेला, एकेक बिऱ्हाड उठलं. उरली कोपऱ्यातली शिवणकाम करणारी काकी. नवरा नाही, दोन मुली शाळेत. तेवढ्या भाड्यात दुसरी खोली मिळेना, आणि गावी परतायचं तर मुलींची शाळा संपली.

"माका खंय धाडतास?" तिने विचारलं.

"घर माझां, नळे माझे," तुम्ही म्हणालात. मान वर न करता, सुपारी कातरत. त्या अडकित्त्याचा आवाज मला अजून नकोसा होतो.

आई मासे साफ करते आहे. हात धुते, पदर खोचते, अंगणातले चार नळे उचलते आणि चालू लागते. मी तिच्यामागे. काकी कासोटा घालून शिडीवरून छपरावर चढलेली. आम्ही खालून देतो, ती वर बसवते. अर्धा बाजार जमला. तुम्ही धावत आलात.

"पडशीत गो!"

"पडान मेलंय तर खोली मोकळी होतली तुमची!"

लोक हसले, आणि तुम्ही काय केलंत? शिडी खांद्यावर टाकून घरी नेलीत! बाईमाणूस छपरावर, आणि घरमालक शिडी घेऊन चालला. आई म्हणाली, "जांवदे तेंका. नळे बसवक शिडी लागणा नाय." दोरीने टोपली वर ओढत काकीने दिवस मावळायच्या आत आपली खोली शाकारली, मग शेजारची. किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढणाऱ्यांनी त्यांची शिडी आणून तिला उतरवलं. एवढा तमाशा झाल्यावर व्यापाऱ्याने दुसरीकडे गोदाम बघितलं. तुम्ही मात्र आईच्या हातचं मरेपर्यंत जेवलात आणि तिच्याशी बोलला नाहीत. अन्नाला जागणं तुम्हाला कुणी शिकवलंच नव्हतं.

त्या खोल्या मी अजून कमी भाड्यानेच देते. एकीत नर्स आहे, एकीत बोटीवर जाणारा पोरगा. शाकारणीला शिडी तुमचीच असते. तिचा एक पाय डगमगतो, त्याखाली या कागदाची घडी घालीन.

गेल्या आठवड्यात एकजण आला, पर्यटकांसाठी लॉज बांधू म्हणाला. मी नाहीच म्हटलं, पण ते म्हणायला मला त्याचा चहा संपेपर्यंत वेळ लागला. तेवढ्या वेळात तुम्ही मला समजलात, बाबा. हे तुम्हाला कळू द्यायची माझी इच्छा नाही.