खोली क्रमांक चौदामधील संगणकात असलेला प्रोग्राम त्याच संगणकावर उघडू देण्याबाबत

दिनांक : २७ ऑक्टोबर

प्रति,
मा. प्रमुख,
संगणक विभाग,
मुख्य इमारत, तिसरा मजला.

विषय : संगणकाची मूळ प्रणाली नव्याने टाकल्यानंतर बंद पडलेला श्रवणयंत्र-जुळणीचा प्रोग्राम पुन्हा सुरू होण्यासाठी आपल्या सहीचे दोन ओळींचे पत्र मिळणेबाबत.

संदर्भ : १. अर्जदाराचे यापूर्वीचे सहा अर्ज.
२. आपल्या विभागाचे पत्र, ज्यात 'तक्रारीचे समाधानकारक निवारण झाल्याने प्रकरण बंद करण्यात येत आहे' असे कळवले आहे.

महोदय,

१. अर्जदार ही या इस्पितळाच्या तळमजल्यावर, खोली क्रमांक चौदामध्ये, श्रवणतज्ज्ञ म्हणून एकोणीस वर्षे काम करीत आहे. अर्जात 'मी' हा शब्द आल्यास तक्रार व्यक्तिगत समजून बाजूला ठेवली जाते, असे आपल्या आवक लिपिकांनी चौथा अर्ज परत करताना सांगितले. म्हणून हा अर्ज 'अर्जदार' या नावाने लिहिला आहे. प्रत्यक्षात अर्जदाराला खूप ठिकाणी 'मी' म्हणावेसे वाटले, आणि दोन-तीन ठिकाणी त्याहून वाईट काही म्हणावेसे वाटले. ते खोडले आहे.

२. दिनांक ४ सप्टेंबर रोजी सकाळी आपल्या विभागाचे तंत्रज्ञ खोली चौदातला संगणक 'ताजा' करायला आले. संगणक सावकाश चालतो अशी तक्रार कोणी केली होती हे अद्याप कळलेले नाही. अर्जदाराने केली नव्हती. त्या वेळी अर्जदार आतल्या ध्वनिबंद खोलीत एका निवृत्त बसचालकाचे कान तपासत होती. या आतल्या खोलीला जाड दार आहे, आणि बाहेरचा आवाज आत येऊ न देणे हे त्या दाराचे एकुलते एक काम आहे. दाराशेजारी बटण आहे. ते दाबले की आत दिवा लागतो आणि कोणी आले आहे हे कळते. बटणाच्या वर तशी पाटीही आहे.

तंत्रज्ञांनी बटण दाबले नाही. दार वाजवले, तेही तीनदा. नंतर त्यांना विचारले तेव्हा ते म्हणाले, की पाटी वाचली होती, पण कामाच्या वेळेत उगाच दिवे लावू नयेत असे साहेबांचे परिपत्रक आहे. आतून उत्तर आले नाही, तेव्हा त्यांनी आपल्या छापील फॉर्मवर लिहिले : 'वापरकर्त्याने प्रतिसाद दिला नाही. संमती गृहीत. आवश्यक प्रोग्राम : निरंक.' त्याखाली वेळ लिहून सही केली आणि कामाला लागले. कान तपासण्याच्या विभागात, आवाज न जाणाऱ्या दारावर टकटक करून, उत्तर आले नाही म्हणून संमती धरण्यात आली, एवढेच अर्जदार येथे नोंदवते. त्यावर भाष्य करत नाही, कारण भाष्य केलेला दुसरा अर्ज परत आला होता.

३. अर्जदार पाऊण तासाने बाहेर आली तेव्हा संगणक खरोखरच ताजा झाला होता. पडद्यावर एका तळ्याचे चित्र होते आणि कोपऱ्यात पत्त्यांचा खेळ होता. बाकी काही नव्हते. तंत्रज्ञांनी धीर दिला, की मूळ प्रणाली तेवढी बदलली आहे, तुमचे सगळे प्रोग्राम डी ड्राइव्हमध्ये जसेच्या तसे आहेत, एकालाही हात लावलेला नाही. हे अक्षरशः खरे आहे. प्रोग्राम तिथेच आहेत. नाव दिसते, आकार दिसतो, तारीख दिसते. उघडायला गेले की पडद्यावर येते, 'हा प्रोग्राम या संगणकावर स्थापित नाही.' कुलूप लावलेल्या स्वयंपाकघराच्या काचेतून आपलाच डबा दिसावा, तसे अर्जदाराचे गेले त्रेपन्न दिवस झाले आहे.

४. यातल्या बाकी प्रोग्रामविषयी अर्जदाराचे काही म्हणणे नाही. रजेचे अर्ज, पगारपत्रक, सभेच्या सूचना हे सारे नाही उघडले तरी चालेल, किंबहुना बरेच आहे. एकच प्रोग्राम हवा आहे. तो कशासाठी, हे आपल्या माहितीसाठी सोप्या शब्दांत मांडते.

सव्वादोन वर्षांची एक मुलगी आहे. तिची आई तिला माऊ म्हणते, म्हणून खोली चौदातही तिला माऊच म्हणतात. तिला जन्मापासून जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. १२ ऑगस्टला याच इस्पितळात तिच्या कानात शस्त्रक्रिया करून कॉक्लियर इम्प्लांट बसवले. शस्त्रक्रिया उत्तम झाली. पण नुसत्या शस्त्रक्रियेने ऐकू येत नाही. जखम भरली की सुमारे महिन्याने कानामागे बाहेरचे यंत्र लावायचे, ते संगणकाला जोडायचे, आणि कोणता आवाज किती पोचवायचा हे त्या मुलीच्या चेहऱ्याकडे बघत बघत, हळूहळू ठरवायचे. हे काम त्या एका प्रोग्रामशिवाय होत नाही. तोवर ते महागडे यंत्र म्हणजे पोरीच्या कानाला अडकवलेली डबी. माऊची तारीख ११ सप्टेंबर होती. संगणक ताजा झाला ४ सप्टेंबरला.

५. यानंतर अर्जदाराने काय काय केले, त्याचा तपशील आपल्या दप्तरात असेलच. तरीही तो एकत्र वाचला जावा म्हणून लिहिते. आपला विभाग तिसऱ्या मजल्यावर आहे, आणि अर्जदाराचे गुडघे आता त्या जिन्याला ओळखतात.

(अ) दूरध्वनीवर सांगण्यात आले, की तक्रार संगणकावरूनच नोंदवावी. तक्रार नोंदवण्याचा प्रोग्रामही डी ड्राइव्हमध्येच अडकला होता. म्हणून शेजारच्या नोंदणी कक्षातून तक्रार केली. ती नामंजूर झाली, कारण तक्रार ज्या संगणकाची आहे त्याच संगणकावरून आली पाहिजे.

(ब) लेखी तक्रारीवर कळवण्यात आले, की मूळ प्रणाली नव्याने टाकलेला संगणक नियमानुसार नवा संगणक धरला जातो. नव्या संगणकाला प्रोग्रामचा परवाना हवा असेल तर जुना संगणक बाद झाल्याचा भांडार विभागाचा दाखला जोडावा. भांडारपाल स्वतः आले. त्यांनी संगणकाखालची चिकटपट्टी वाचली, क्रमांक वहीशी ताडून पाहिला आणि विचारले, की जुना कुठे आहे? अर्जदार म्हणाली, की हाच. नवा कुठे आहे? तोही हाच. भांडारपाल सज्जन आहेत. चालू वस्तू बाद करता येत नाही, असे म्हणून ते चहा घेऊन गेले.

(क) यावर आपल्या विभागाने तोड सुचवली, की जुना संगणक गहाळ दाखवावा. त्यासाठी सुरक्षा अधिकाऱ्यांची चौकशी लागते. ते आले, अर्जदाराच्या समोरच्या खुर्चीवर बसले आणि संगणकावर कोपर टेकून जबाब घेऊ लागले. गहाळ वस्तू शेवटची केव्हा दिसली, या प्रश्नाला अर्जदाराने 'आत्ता' असे उत्तर दिले. खोटे लिहून देणे जमले नाही. अहवालात त्यांनी 'अर्जदार गोंधळलेल्या मनःस्थितीत आढळली' असा शेरा मारला. हा शेरा आता अर्जदाराच्या सेवापुस्तकात आहे, आणि तो काढण्यासाठी वेगळा अर्ज करावा लागेल असे समजते. तो अर्जदार करणार नाही. शेरा खरा आहे.

(ड) चौथ्या आठवड्यात तंत्रज्ञांनी पुन्हा येऊन पाहणी केली. त्यांना आता वाईट वाटत होते, हे अर्जदार मुद्दाम नमूद करते. त्यांच्यावर कारवाई व्हावी अशी अर्जदाराची इच्छा नाही. त्यांना असे आढळले, की प्रोग्रामचा फोल्डर जुन्या वापरकर्त्याच्या मालकीचा आहे आणि नवी प्रणाली त्या वापरकर्त्याला ओळखत नाही. पडद्यावर सूचना होती, 'या फोल्डरच्या मालकाची परवानगी घ्या.' मालक म्हणजे अर्जदार. नियमात बसवायचे तर परवानगी लेखी हवी, असे आपल्या कार्यालयाने सांगितले. तेव्हा अर्जदाराने अर्जदारास रीतसर अर्ज केला. तो पोचला अशी सही केली. सर्व बाबींचा सहानुभूतीपूर्वक विचार करून, त्याच दिवशी, कोणतीही त्रुटी न काढता मंजूर केला. या संपूर्ण प्रकरणात वेळेत निकाली निघालेला हा एकमेव अर्ज आहे. आपल्या विभागाने तो परत पाठवला. शेरा असा, की स्वतःचा अर्ज स्वतः मंजूर करता येत नाही, वरिष्ठांकडून यावा. अर्जदाराचे वरिष्ठ डॉक्टर सहा महिन्यांच्या प्रशिक्षणाला गेले आहेत आणि त्यांचा कार्यभार अर्जदाराकडे आहे.

६. मुलीला दुसरीकडे का पाठवत नाही, असे आपल्या कार्यालयातून दोनदा विचारले गेले. प्रश्न रास्त आहे. जवळच्या दुसऱ्या केंद्रात वेगळ्या बनावटीचे इम्प्लांट बसवतात. त्यांचा प्रोग्राम या यंत्राला चालत नाही. अर्जदाराने तरीही तिथे जाऊन विनवणी केली, आणि तिथल्या श्रवणतज्ज्ञांनी हात जोडले.

७. अखेर अर्जदाराने आपल्या परवानगीशिवाय यंत्र बनवणाऱ्या कंपनीला फोन केला. ही शिस्तभंगाची बाब असल्यास ती मान्य आहे. पलीकडच्या बाईंनी सगळे ऐकून घेतले. त्या म्हणाल्या, की असे आठवड्याला चार वेळा होते. नवी परवाना-किल्ली त्या दहा मिनिटांत देतील. त्यांना फक्त इस्पितळाच्या संगणक विभाग प्रमुखांचे पत्र हवे, की संगणक तोच आहे, प्रणाली नव्याने टाकली आहे, किल्ली द्यावी. दोन ओळी आणि खाली सही. भांडारपाल नको, सुरक्षा अधिकारी नको, गहाळ काही नको. ही गोष्ट अर्जदाराने ६ ऑक्टोबरच्या अर्जात लिहिली होती. त्याचे उत्तर म्हणून संदर्भ क्रमांक दोनचे पत्र आले, की निवारण झाले आहे आणि प्रकरण बंद. निवारण कसे झाले हे विचारायला अर्जदार वर आली तेव्हा कळले, की चौदा दिवसांत उत्तर न आल्यास अर्जदार समाधानी आहे असे धरले जाते. उत्तर कोणी कोणाला द्यायचे होते, यावर आवक लिपिकांचे आणि जावक लिपिकांचे एकमत झाले नाही.

महोदय, अर्जदाराला या इस्पितळात आजवर कोणी चढ्या आवाजात बोलताना ऐकलेले नाही. त्या दिवशी तिसऱ्या मजल्यावर ऐकले. त्याबद्दल दिलगिरी व्यक्त करते, आणि पुन्हा तसे होणार नाही याची हमी देत नाही.

८. आता शेवटची बाब, जी कोणत्याच रकान्यात बसत नाही.

माऊची आई कपडे शिवण्याच्या कारखान्यात काम करते. ११ सप्टेंबरपासून दर गुरुवारी अर्धा दिवस रजा टाकून, दोन बस बदलून, ती लेकीला घेऊन येते आणि खोली चौदाच्या बाहेरच्या बाकावर बसते. येऊ नका, झाले की फोन करते, असे अर्जदाराने तिला सांगून पाहिले. ती ऐकत नाही. आपण समोर असलो तर काम लवकर होईल असे तिला वाटते. असे सात गुरुवार झाले. पहिल्या गुरुवारी तिने मुलीला नवा फ्रॉक घातला होता. दर वेळी ती तारीख मागायची, आणि अर्जदार पुढची तारीख द्यायची. या वयात ऐकण्याविना गेलेला प्रत्येक आठवडा पुढच्या बोलण्यातून वजा होतो, हे अर्जदारानेच शस्त्रक्रियेपूर्वी तिला समजावून सांगितले होते. आता ते समजावले नसते तर बरे झाले असते असे वाटते.

शस्त्रक्रियेआधी माऊच्या त्या कानात थोडेसे ऐकणे शिल्लक होते. बोलणे कळत नसे, पण दार आपटले किंवा भांडे पडले तर ती वळून बघायची. इम्प्लांट बसवताना बहुतेक वेळा तेवढेही जाते. हे आईला आधी सांगितले होते आणि तिने विचार करून सही केली होती, कारण त्या बदल्यात महिन्याने सगळे ऐकू येणार होते. गेल्या गुरुवारी, पुढची तारीख सांगून झाल्यावर, ती उठली नाही. मुलगी तिच्या मांडीवर झोपली होती. ती हळू आवाजात म्हणाली, "बाई, आधी निदान भांडं पडलं तर वळायची. आता मी मुद्दाम पाडून बघते, तरी नाही वळत. आमचं चुकलं का हो?"

महोदय, याचे उत्तर अर्जदाराला पक्के माहीत आहे. चुकलेले नाही. त्या बाईने योग्य तेच केले, डॉक्टरांनीही योग्य तेच केले. अर्जदाराने तसे सांगितले, दोनदा सांगितले. पण हे उत्तर अर्जदाराच्या तोंडून त्या आईला पटत नाही आणि कधी पटणारही नाही. ते तिला तिच्या लेकीनेच मान वळवून द्यायला हवे.

९. तरी सोबतच्या तयार पत्रावर आपण सही करावी, ही विनंती. मजकूर कंपनीकडून तपासून घेतला आहे. अर्जदार हा अर्ज देऊन खाली जाणार नाही. आपल्या दालनाबाहेरच्या खुर्चीवर बसून राहील. तीन दिवसांनी गुरुवार आहे. सही होणार नसेल, तर त्या दिवशी आपण स्वतः खाली यावे, बाकावर त्या आईशेजारी बसावे आणि तिला सांगावे, की प्रकरण बंद झाले आहे.

कळावे, आणि या वेळी खरोखरच कळावे.

आपली नम्र,
(सही)
श्रवणतज्ज्ञ, खोली क्रमांक चौदा

सोबत :
१. तंत्रज्ञांच्या फॉर्मची प्रत.
२. अर्जदाराने अर्जदारास केलेला अर्ज, मंजुरीसह.
३. सुरक्षा अधिकाऱ्यांचा अहवाल.
४. कंपनीला पाठवायचे पत्र, दोन ओळी. सहीची जागा पेन्सिलीने खूण करून दाखवली आहे.