कंसातलं वाक्य

आईस,

तुझा पत्ता मावशीकडे आहे, पण मी तो मागणार नाही. तरी लिहिते.

मी शाळेत एक जुनं, नावाजलेलं नाटक शिकवते. त्यातली आई तिसऱ्या अंकात आठ वर्षांच्या मुलीला सोडून निघून जाते. दरवर्षी परीक्षेत मी तिचं स्वभावचित्र विचारते. 'निष्ठुर, स्वार्थी' लिहिणाऱ्यांना भरघोस गुण देते, तिची बाजू घेणाऱ्यांचे कापते. बावीस वर्षं हेच चाललंय.

काल एका मुलीनं लिहिलं, 'ती निष्ठुर नाही. जाण्याआधी ती वरच्या फळीवरचे डबे खालच्या फळीवर ठेवते. मुलीचा हात कुठवर पोचतो, हे तिला ठाऊक आहे.'

म्हटलं, ही मनचं घुसडतेय. पुस्तक उघडलं, तर ते तिथे होतं, कंसात. वर्गात वाचताना कंस मी गाळते. "ते नटांसाठी असतं, पुढे चला," म्हणते.

तिला दहापैकी नऊ दिले. एक कापला, कारण डबे खाली ठेवले म्हणजे आई घरी राहिली असं होत नाही.

तू गेलीस तेव्हा मीही आठचीच होते. त्या सकाळी मी स्टूल न घेता चहा केला. पावडर, साखर, सगळं हाताशी होतं. इतकी वर्षं वाटायचं, बाबांनी ठेवलं असेल.

आत्ता आठवलं. कप हातात घेऊन बाबांनी विचारलं होतं, "साखर कमी आहे. डबा कुठे असतो गं आपला?"

आता वरच्या फळीला हात पुरणारी,
तुझी मुलगी