परत यायची खोली

११ जुलै

‘पालकहो, तुमच्यापैकी किती जणांच्या मुलांना वर्गाबाहेर काढलंय?’

सभेत तोंड उघडलं ते याच वाक्याने. एकही हात वर नाही. मग मी माझा केला. मागून एक वर आला, मग दुसरा, मग निम्मं सभागृह! नर्सेसच्या संपात बोलताना मला जे भान येतं, तेच आज आलं. ज्यांची मुलं अक्षरं उलटी वाचतात, बाकावर टिकत नाहीत, मध्येच किंचाळतात, ते सगळे आईबाप मान खाली घालून शाळेत येतात. आज त्यांनी मान वर केली.

मग मी जिन्याखालच्या खोलीवर तुटून पडले. अशा मुलांसाठी म्हणून यंदा शाळेने ती काढली. जाड पडदे, वाळूचा ट्रे, एक झुलती खुर्ची, आणि विशेष शिक्षिका. पोरं तिला हळूबाई म्हणतात, कारण ती कुजबुजल्यासारखी बोलते. मुलाला निळं कार्ड दिलेलं असतं. त्याने ते बाकाच्या कोपऱ्यावर ठेवायचं आणि उठून त्या खोलीत जायचं. शिक्षकांनी ‘का’ म्हणून विचारायचं नाही, असा नियम.

मी म्हटलं, ‘मुलाच्याच हातात कार्ड द्यायचं, म्हणजे आपली हकालपट्टी तो आपणच करील. वेगळी खोली म्हणजे सभ्य भाषेतलं हाकलणं!’ टाळ्या थांबेनात. ठराव मंजूर. खोली बंद, सगळी मुलं पूर्ण वेळ वर्गात. पालक समितीचे अध्यक्ष दाताचे डॉक्टर आहेत. हात जोडून म्हणाले, ‘बाई, लोकांची तोंडं मी उघडतो, डोळे तुम्ही उघडलेत.’

आज धाकट्या भावाची फार आठवण आली. त्याची सगळी शाळा वर्गाबाहेरच्या बाकावर गेली. मास्तरांनी हिशेब सोडवायला लावला तेव्हा तो बाक किती खिळ्यांचा आहे तेवढं त्याला सांगता आलं. हा बाक मी माझ्या मुलीच्या वाट्याला येऊ देणार नाही.

१२ जुलै

नवऱ्याने दुकानातून आल्या आल्या विचारलं. त्याचं चष्म्याचं दुकान आहे, बोलतोही काच पुसावी तसं, सावकाश. ‘ठराव झाला म्हणे. मुंगीला विचारलंस का?’

मुंगी म्हणजे आमची लेक. तेरा वर्षांची. लहानपणी भिंतीवरच्या मुंग्यांकडे तासन्‌तास बघायची म्हणून हे नाव.

मी म्हटलं, ‘आपल्यावरचा अन्याय लहान मुलांना कळत नसतो. कळला असता तर जगात एवढी पुस्तकं लिहावी लागली नसती.’

‘बरं,’ म्हणाला. त्याचं ‘बरं’ मला कधीच बरं वाटत नाही.

१९ जुलै

मुंगी गप्प आहे. जेवताना मनगट चावत होती. नवीन वेळापत्रकाची सवय व्हायला वेळ लागणारच.

२४ जुलै

शाळेतून फोन. गटवाचनाचा तास चालू होता, चाळीस पोरं एकदम मोठ्याने वाचत होती, वर खुर्च्यांची खरखर. मुंगीने कार्ड बाकाच्या कोपऱ्यावर ठेवलं. वर्गशिक्षिका म्हणाल्या, ‘बाळा, ते आता बंद झालं.’ तिने उचललं आणि पुन्हा ठेवलं. मग पुन्हा. मग बाक उलटा केला. शेजारच्या मुलीचं बोट खाली सापडलं. हाड मोडलंय.

शाळेत धावले. मुंगीला आठवडाभर शाळा बंद. मुख्याध्यापक म्हणाले, ‘पुन्हा असं झालं तर मात्र तुम्हाला दुसरी शाळा बघावी लागेल.’ मी आवाज चढवणार होते. मग कोपऱ्यात ती मुलगी दिसली. हाताला बँडेज, आणि तिची आई माझ्याकडे बघतही नव्हती.

२५ जुलै

आज विचारलं. नवऱ्याने सांगितलं होतं ते, आणि इतक्या उशिरा.

मुंगी पलंगाखाली होती. मीही जमिनीवर आडवी झाले. म्हटलं, ‘त्या खोलीत तुला कोण पाठवायचं?’

‘कोणी नाही.’

‘मग?’

तिने फरशीवर बोट फिरवलं. मग म्हणाली, ‘डोक्यात सगळे एकदम बोलायला लागले की मी जायचे. वाळूत बोट फिरवायचे. मग परत यायचे. आता मला परत येताच येत नाही, आई.’

परत यायचे. सभेत मी ‘बाहेर’ हा शब्द किती वेळा वापरला असेल! ‘परत’ एकदाही नाही. मला ते ठाऊकच नव्हतं. ठाऊक करून घ्यायला दोन खोल्या ओलांडून जायचं होतं, एवढंच.

२६ जुलै

हळूबाईंना भेटले. त्या आता बदली तास घेतात, कोणाच्याही वर्गावर. वाटलं होतं, चांगलं सुनावतील. त्या म्हणाल्या, ‘सभेत मी उठायला हवं होतं. पण तुमच्यानंतर बोलायचं म्हणजे... माझा आवाज मागच्या रांगेपर्यंतही जात नाही हो.’

त्या हसल्या. मला हसता आलं नाही.

३० जुलै

खोली परत मागायला समितीच्या सभेत उभी राहिले. चुकलं म्हणून सरळ सांगितलं. कारणं दिली, मुंगीचं उदाहरण दिलं, तिचेच शब्द सांगितले. चांगलं बोलले. वाईट बोलता येतच नाही मला, हेच तर दुखणं आहे.

मागच्या रांगेतला एक बाप उठला. त्याच्या मुलाला हातात काही ना काही फिरवल्याशिवाय बसता येत नाही. हात वर करणाऱ्यांत तो दुसरा होता. म्हणाला, ‘बाई, तुम्हीच सांगितलंत, वेगळी खोली म्हणजे सभ्य भाषेतलं हाकलणं. मी घरी जाऊन भिंतीवर लिहिलंय ते. माझ्या पोराला आता कोणी बाहेर काढायचं नाही.’ बोलताना त्याचे डोळे भरून आले होते. त्याच्या बाजूचं जेवढं बोलण्यासारखं होतं, ते सगळं मी आधीच बोलून ठेवलं होतं.

डॉक्टर हळूच म्हणाले, ‘बाई, उपटलेला दात परत बसत नाही.’

खोलीसाठी दोन हात वर आले. एक माझा, एक हळूबाईंचा. जिन्याखाली आता खेळाचं सामान ठेवतात.

३१ जुलै

तोडगा निघाला. वर्गशिक्षिका भल्या आहेत, त्यांनीच सुचवला. मुंगीने कार्ड ठेवायचं आणि वर्गाबाहेर, खिडकीपाशी बाक आहे तिथे जाऊन बसायचं. बरं वाटलं की परत यायचं. मुख्याध्यापकांनी मान डोलावली. दुसरी शाळा बघायची नसेल तर हाच मार्ग.

मी हो म्हटलं.

बाहेर येऊन तो बाक बघितला. उघड्या व्हरांड्यात, येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेसमोर. त्यावर बसून पाहिलं. खिळे मोजले नाहीत. भावाला फोन लावावासा वाटला, पण लावला नाही. त्याला काय सांगणार होते?

२ ऑगस्ट

मुंगी शाळेत गेली. बाकावर तीनदा बसली म्हणे. ‘जाणारी मुलं बघतात,’ म्हणाली. ‘पण परत आले.’

गप्प बसणार नाही! पालकांना पुन्हा गोळा करीन, घरोघर जाईन. हळूबाईंनाच पुढे बसवीन. भाषण लिहायला घेतलंय.

६ ऑगस्ट

संध्याकाळी स्वयंपाकघरात भाषणाचा सराव करत होते. ओट्यावर हात आपटून, नेहमीसारखा. नवरा म्हणाला, ‘शेजाऱ्यांनी मतं कधीच दिली, आता जरा जेवूया.’ मी थांबले नाही. शेवटचा परिच्छेद चालू होता, ‘या मुलांचं ऐका’ तो.

मुंगी आली. खिशातून निळं कार्ड काढलं, माझ्यासमोर ओट्याच्या कोपऱ्यावर ठेवलं. गॅलरीत गेली आणि दार ओढून घेतलं.

भाताची वाफ विरेपर्यंत आम्ही दोघं तसेच उभे राहिलो. मग तो तिला बोलवायला दाराकडे निघाला.

मी म्हटलं, ‘हाक मारू नकोस.’