अहवालातून काढलेलं वाक्य

सर, भिवंडीच्या शाळेत तुम्ही आम्हाला भूगोल शिकवलात, पण मला सारखा आठवतो तो तहसील कचेरीतला दिवस. मी दहावीत आहे. शाळेच्या गच्चीवर तुम्ही रोज मोजलेल्या पावसाच्या नोंदी मी वहीत नीट उतरवून आणल्यात. मानकोलीपलीकडच्या खाडीलगतच्या शेतांवर भराव टाकू देऊ नका, एवढंच तुम्हाला साहेबांना सांगायचंय. साहेब वही चाळतात. "छान आहे हो, पण मी याचं काय करू?" तुम्ही माझ्याकडे बघता आणि मी पुन्हा आकडेच वाचायला लागते. बाहेर आल्यावर तुम्ही माझ्यावर चिडता. "त्यांना मिलिमीटर कळत नाहीत गं. पाणी कुणाच्या घरात शिरेल ते सांग."

पुढे तीच माझी नोकरी झाली. हवामानाच्या शास्त्रज्ञांचं म्हणणं अधिकाऱ्यांना कळेल असं लिहायचं, म्हणजे निर्णय घेताना ते समोर असेल. तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्या वर्षी आपल्या खाडीकाठाचा अहवाल माझ्याकडे आला. समुद्र चढतोय, दिवसांचा पाऊस थोड्याच तासांत कोसळायला लागलाय, हे त्यात होतंच. त्याखाली मी लिहिलं, की गोदामांसाठी त्याच शेतांमधला नाला बुजवला तर मोठ्या भरतीला शेजारच्या गावाच्या खालच्या आळीत पाणी शिरेल. गावाचं नावही घातलं. वरिष्ठ म्हणाले, "मॅडम, एवढं वाक्य काढा, बाकी सगळं मंजूर करून घेतो." निदान अहवाल तरी पुढे जाईल, अशी मी स्वतःची समजूत घातली आणि ते वाक्य काढलं.

नाला बुजला. तिसऱ्या पावसाळ्यात भरदुपारी पाणी आलं, खालच्या आळीतच आलं. मी पाहणीला गेले तेव्हा भिंतींवर छातीएवढ्या उंचीवर चिखलाची रेघ होती. तिथल्या एका घरात अंथरुणाला खिळलेली म्हातारी खाटेवरच बुडाली. तिची सून म्हणजे शाळेत माझ्या बाकावर बसायची ती, तुमचीच विद्यार्थिनी. पाणी आलं तेव्हा ती कामावर होती. मला बघून ती रडली नाही. एवढंच विचारलं, "तू सरकारात हायस ना गो? तुमाला ठाव व्हतं का, पानी येल म्हून?"

"न्हाय गो," मी म्हणाले. तिच्याच बोलीत म्हणाले, तिला खरं वाटावं म्हणून. तिनं मान हलवली आणि माझ्यासाठी चहा ठेवला. तो मी प्यायले.

सर, तुम्हाला हे पोचणार नाही, म्हणूनच लिहू शकले. तिचा पत्ता माझ्याकडे आहे. तिला मी अजून एक ओळही लिहिलेली नाही.