कुडाच्या घरातला श्वास

३ मार्च १९३४
आलो एकदाचे या जुन्या घरात राहायला! ओकचे काळे खांब, मधे कुडाच्या भिंती, एकही कोपरा काटकोनात नाही. टेबलावरचे बटाटे घरंगळत चुलीकडे गेले तसा अ‍ॅम्ब्रोज कितीतरी दिवसांनी हसला. महायुद्धातल्या विषारी वायूनं माझ्या या धाकट्या भावाची छाती गेली. सोळा वर्षं मी त्याच्या उशाशी आहे. अंग शिणलंय. इथे तरी दोघांना विसावा मिळो.

९ मार्च
फटींतून वारा येतो, अ‍ॅम्ब्रोजला खोकल्याची उबळ येते. गावातला सुतार टकवेल म्हणाला, बाई, फटी चिखल-चुन्यानंच बुजवा, सिमेंट लावलंत तर घर घुसमटेल. घराला काय फुप्फुसं असतात, मी विचारलं. हसा बाई, हसा, म्हणाला, चारशे वर्षं ते या कुडातूनच श्वास घेतंय.

१४ मार्च
हेरफर्ड शहरातून गवंडी आणून आतून-बाहेरून सिमेंट करून घेतलं. वारा बंद झाला. रस्त्यात टकवेलनं टोपीला हात लावला आणि तसाच पुढे निघून गेला.

२० मार्च
भिंतींना घाम येतो. दुपारी चहा करताना हात टेकला, तर भिंत कोमट होती आणि हलत होती. ती श्वास आत ओढते तेव्हा अ‍ॅम्ब्रोजचा बाहेर जातो.

२३ मार्च
त्याचे ओठ निळे पडलेत. डॉक्टर म्हणाले, मनाची तयारी ठेवा. खरं लिहिते, क्षणभर सुटल्यासारखं वाटलं. मग स्वतःचीच लाज वाटली.

२४ मार्च
टकवेलकडे धावले. म्हणाला, आधी भावाला बाहेर काढा, मग सिमेंट फोडू, पण आजच. घरी आले तर अ‍ॅम्ब्रोज नको म्हणाला. मलाही त्याला उचलवेना. टकवेलला निरोप धाडला, उद्या सकाळी या.

२५ मार्च
सकाळ. भिंत घोरतेय — तो नाही. त्याची छाती हलत नाही.
हातोडा घातला. भेग पडली — आतून खोकला आला. त्याचाच.
मग भिंतीतून त्याचा आवाज म्हणाला, हेस्टर, किती दमलीस गं, टेक जरा भिंतीला —
टेकलेय. ऊब आहे. टकवेल दारावर धक्के मारतोय — उठवत नाही — माझा श्वास बाहेर जातो, आत मात्र —