ताटली तांदळात

सोम., १२ जाने.
जनाने आज गाडीचं साडीगार्ड काढलं. मागची सीट, मागचे फुटरेस, आरसे, सगळं ओटीवर मांडलं, रुखवत मांडावं तसं. माझा लेक. चाळिशी उलटली, पोरगी कॉलेजात, तळोज्याला केमिकल कंपनीत पाळी करतो. आता मोटारसायकलची शर्यत लावणार म्हणे, म्हणून गाडी हलकी करतोय.
"आणि मी कुठं बसू?"
"आये, रिक्षानं जा."
बरं.

बुध., १४
संक्रांत. लाडू नको म्हणाला. वजन वाढतं. गाडीचं उतरवलं, आता स्वतःचं उतरवतोय. तांदळाची भाकर नाय, भात नाय, नुसती काकडी चावतो बकरीसारखा. पोट हाय तिथंच हाय, त्याला नट-बोल्ट नाय ना.
सून म्हणते, "तुमी सांगा, तुमचं ऐकतील." माझं कधी ऐकलंन? मी म्हटलं तू सांग. दोघी एकमेकींना पुढं ढकलतो.

शनि., १७
नवा सायलेन्सर. जुना दोन हातांनी उचलायला लागायचा, हा एका हातात आला, दुधाच्या किटलीसारखा. चालू केली तर समोरच्या बिल्डिंगीतली पोरं रडायला लागली. तिसऱ्या माळ्यावरची बाई खिडकीतून ओरडली. मी तिला चांगलंच सुनावलं. मग आत येऊन जनाला तेच बोलले जे ती बोलली होती.
ऐकू आलं नाय म्हणे त्याला. गाडी चालू होती.

बुध., २१
नातीने, प्रणालीने, मोबाईलवर शर्यत दाखवली. पुण्याच्या पलीकडं कुठं विमानाची जुनी पट्टी हाय, तिथं. दोन गाड्या शेजारी शेजारी, हिरवा दिवा, संपलं. शिंक आली तर बघायची राहील.
"एवढंच?"
"एवढंच, आजी. सरळ जायचं."
"आणि थांबायचं कुठं?"
प्र.ने मोबाईल बंद केला.
जनाचा बापूस शर्यतीत छकडा पळवायचा. तो पण लाकूड तासून तासून हलकं करी. पण बैल तरी दमले की थांबत.
जनाला विचारलं, कशाला हे? बक्षीस हाय?
"नाय गो. कंपनीत वीस वर्सं त्याच टाकीचा तोच काटा बघतोय."
एवढंच बोलला. 

शुक्र., २३
कुरियरवाला ओटीवर पुडकं टाकून गेला, हाक पण मारली नाय. जना पाळीला, सून बाजारात. मी फोडलं. पुढच्या चाकाची ब्रेकची ताटली. भोकाभोकांची, चकचकीत, पापडासारखी हलकी.
मनात आलं, जुनी तर काढून ठेवलीन, आता हीच नसली तर? चाक लागणार नाय, गाडी जाणार नाय, तारीख निघून जाईल.
तांदळाच्या पिंपात पार तळाला घातली. तांदूळ मीच काढते. आणि तो आता भाताकडं बघत पण नाय.

रवि., २५
जना फोनवर कुरियरवाल्याला शिव्या देतोय. "पोचलं दाखवतंय म्हणे, चोर साले!" नवीन मागवली तर दहा दिवस. शर्यत पुढच्या रविवारी.
मी वाल सोलत होते. सोलत राहिले.
जिंकले असं वाटलं. सुनेला जास्तीचा चहा केला.

मंगळ., २७
जुनी ताटली घेऊन नाक्यावरच्या लेथवाल्याकडं गेला, तिलाच भोकं पाडून आणली.
"बघ आये, झाली का नाय तशीच?"
प्र. डिप्लोमा शिकते गाड्यांचा. तिचं तोंड उतरलं.
"बाबा, ही त्यासाठी नसते. ब्रेक मारून तापली की भोकापासून तडा जाईल."
"एकदाच तर पळवायचीय."
"तडा पण एकदाच जातो, बाबा."
तो हसला. सून उठून आत गेली. मी पिंपाकडं बघितलं नाय.

बुध., २८
दिली तरी जातो. नाय दिली तरी जातो. मग मी अडवलं काय? चांगला ब्रेक अडवला.
सुनेला सांगायला दोनदा गेले. मीठ हाय का विचारून आले. सगळ्या गावाला माझं तोंड ठाव, आणि आता ह्या दोन शब्दांना उघडत नाय.

शुक्र., ३०
काढली. तांदळाने पांढरी झालती, पदराने पुसली. जनाच्या पुढ्यात ठेवली. म्हटलं, मीच घातली होती पिंपात. तू जाऊ नये म्हणून.
ओरडावंन असं वाटत होतं. दोन दिल्यान असत्या तरी चाललं असतं. हसला मेला. "आये, तुला तर कंपनीत स्टोअरला लावायला पायजे." लगेच पाने-पक्कड घेऊन बसला.
चाकाखाली उजेड नव्हता. बॅटरी मला धरायला दिली.
"जाऊ नको, जना."
"हं." मग म्हणाला, "जरा डावीकडं धर."
मी धरली.

रवि., १ फेब्रु.
टेम्पोत गाडी बांधून उजाडायच्या आत गेले, बापलेक दोघं. पळस्प्यावरून प्र.चा फोन आला, चहाला थांबलोय. मग नाय. सून देवापुढं बसलेली, मी ओटीवर. दोघींनी एकमेकींना जेवलीस का विचारलं. कुणीच जेवली नव्हती.
दुपारी फोन वाजला. प्र.
"आजी, झाली बाबांची! एकदम मस्त!"
"थांबला का?"
"थांबले की. ब्रेक काय लागला, आजी!"
जिवात जीव आला. म्हटलं, झालं तर मग, या घरी. सरळ या.
"आत्ता कुठे आजी, जिंकले ना बाबा. पुढची फेरी आहे. समोरचा गेल्या वर्षीचा पहिला आहे. बाबा म्हणतात गाडी हलकी करायला आणखी दोन-तीन वस्तू काढून टाकतो."
"काय काढतो? प्रणाली, काय काढतो तो?"
मागं कुणाची तरी गाडी कान फाडत होती. ती काहीतरी बोलली, मला कळलं नाय.
परत लावला. वाजतोय, उचलत नाय.